नव्वद मिनिटांचं सत्र आणि तीन लिप्या

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कॉलेजात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची परिषद ठरली की पहिल्या दोन बैठका बॅनर आणि पाहुणे यांतच जातात. सत्रं मात्र शेवटच्या आठवड्यात कुणीतरी एक्सेलमध्ये भरतं, निबंध आले त्या क्रमाने.

तारखेचं थोडक्यात. १ नोव्हेंबरच्या आसपास नको. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषिकांचा काळा दिवस एकाच दिवशी, आणि कोल्हापूरची बस सीमेवर अडली तर तुमचा निबंधवाचकही तिथेच. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉजवर खोली मिळायची मारामार. भर पावसात गोव्याहून चोर्ला घाटाने येणाऱ्यांच्या भरवशावर सकाळचं सत्र लावू नये.

आता वेळेचा हिशेब. ९० मिनिटांत चार निबंध, पाच नाहीत. प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे ६०, सुरुवातीला ५, फाइल बदलण्यात ५, उरलेली २० एकत्रित चर्चेला. प्रत्येक निबंधानंतर प्रश्न घेतले की पहिल्या वाचकाला पंचवीस मिनिटं मिळतात आणि चौथ्याला सात. चर्चा शेवटी ठेवली तर कुणी आलंच नाही तरी ती वेळ तिथे जिरते. आणि एखादा न येणं हे गृहीतच धरा. पहिलं शोधसत्र जेवणानंतरच लावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणारे चार वक्ते यांपुढे साडेअकराचं सत्र आजवर कुठे टिकलंय?

गट पाडताना शीर्षकातला शब्द पाहू नका, प्रश्न पाहा. ‘कोहा’ (ग्रंथालयाचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) हा शब्द आहे म्हणून तीन निबंध एकत्र आणले, तर एक सॉफ्टवेअर बसवण्याचा, एक वापराच्या सर्वेक्षणाचा, एक मराठी नोंदींच्या वर्णक्रमाचा निघतो. चर्चा होणार कशावर? आपल्याच कॉलेजात प्रश्नावली वाटून केलेली सर्वेक्षणं ढिगाने येतात. ती पोस्टरवर न्या, सलग तीन ऐकवू नका. उलट या भागात एक सत्र आपोआप जुळतं: सार्वजनिक वाचनालयं. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५चा, त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, आहे. महाराष्ट्राचा १९६७चा, त्यात उपकर नाही, भिस्त अनुदानावर. दोन्हीकडचे ग्रंथपाल एका टेबलाशी बसले की २० मिनिटं कमी पडतात.

सगळ्यात जास्त घोळ लिपीचा, आणि तो गोषवाऱ्याच्या अर्जातच मिटवायला हवा. अर्जात तीन रकाने ठेवा: निबंधाची भाषा, सादरीकरणाची भाषा, प्रश्न कोणत्या भाषेत चालतील. सत्राध्यक्षाला मराठी आणि कानडी दोन्ही कळायला हवं. प्रश्न कानडीत आला तर त्याने तो एका वाक्यात मराठीत सांगायचा, भाषांतराचं भाषण करायचं नाही. फाइल युनिकोडमध्येच मागा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. मराठीसाठी श्रीलिपीच्या किंवा कानडीसाठी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे रोमन अक्षरांचा भुगा होऊन दिसतो. याचा दुसरा तोटा सहसा लक्षात येत नाही. साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो भुगाच दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. असा मजकूर शून्य टक्के दाखवून सहज सुटतो. त्यामुळे शून्य आला की खूश न होता आधी फॉन्ट बघा. स्लाइड्सची पीडीएफ फॉन्टसकट करून आदल्या संध्याकाळी सभागृहातल्याच लॅपटॉपवर उघडून पाहा.

युनिकोड आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: कुणी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेतो, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण शोधात एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही. कानडी नावांचं वेगळंच. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ निराळे. आपण देवनागरीत दोन्ही एकाच मात्रेने लिहितो, मग परत कानडीत नेताना नाव चुकतं. म्हणून लेखकाचं नाव त्याने स्वतः लिहिलेलं देवनागरी, कानडी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत घ्या.

प्रमाणपत्र द्यायचं ते सत्र संपल्यावर, अध्यक्षाच्या सहीने. निबंध वाचल्याबरोबर हातात दिलं की चौथा वाचक तीन माणसांसमोर बोलतो, त्यातला एक माइकवाला.

आणि निबंधसंग्रह छापायच्या आधी सूचीत गावाचं एकच रूप ठरवा. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम अशी चारही रूपं निबंधांत येतातच. २०१४ला सरकारी नाव बदलल्यापासून तर जास्तच. मजकुरात लेखकाचं रूप तसंच राहू द्या, सूचीत एक मुख्य नोंद करा आणि बाकी तिघांपुढे ‘पाहा’ लिहा.