नाव, गाव आणि पाणी

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही नर्सरीत पुढच्या फळीवर इवल्या कुंड्या मांडलेल्या असतात. कुठल्याही झाडाचं नाव विचारा, उत्तर एकच: ‘सक्युलंट आहे, ताई.’ भाव मात्र प्रत्येकाचा वेगळा.

आमच्याकडे असंच एक निनावी झाड शेजारच्या वास्तुशांतीत परतभेट म्हणून आलं. चिनीमातीचा कप, खाली भोक नाही, वर डिंकाने घट्ट चिकटवलेले पांढरे खडे. चिठ्ठीवर ‘फारशी निगा लागत नाही’ असं छापलेलं. आठवडा सरायच्या आत खालची पानं उकडलेल्या कांद्यासारखी पिवळट, आरपार दिसणारी झाली आणि वरची सुरकुतली.

‘तहानलंय गं ते,’ सासूबाई म्हणाल्या, ‘घाल की भांडंभर पाणी.’

खरी गोम इथेच आहे. पाणी मिळालं नाही की पानं सुरकुततात, आणि अति पाण्याने मुळं कुजली तरीही सुरकुततात, कारण कुजलेल्या मुळांना समोरचं पाणी पिता येत नाही. नुसतं बघून कळत नाही, बोट लावावं लागतं. तहानलेलं पान लिबलिबीत नसतं, मऊ चामड्यासारखं वाकतं. कुजकं पान बोटाखाली पाणी सोडतं आणि देठाशी काळपट असतं. आमचं दुसऱ्या जातीतलं होतं. खडे उचकटून बाहेर काढलं तर मुळांभोवती ओल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गच्च गोळा, आणि त्याला वास.

पण औषधपाण्याआधी नाव कळायला हवं होतं. सक्युलंट हे काही एक कूळ नव्हे. पानात किंवा खोडात पाणी साठवण्याची ही सवय निरनिराळ्या कुळांतल्या झाडांनी आपापली लावून घेतली आहे. कोरफडही त्यात येते, जेडही येतं. पांढऱ्या पट्ट्यांचं ‘झेब्रा’ दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाने वाढतं, त्याला आपलं दुपारचं ऊन सोसत नाही. मेक्सिकोच्या डोंगरकपारीतल्या एचेव्हेरियाला भरपूर उजेड हवा. तो नसला की ती मान लांब करत खिडकीकडे पळते, आणि लोक म्हणतात, बघा किती छान वाढतंय! दोघांना एकाच ग्रिलमध्ये शेजारी ठेवून एकाच मापाने पाणी घातलं की एक तरी रुसणारच.

आमच्या झाडाची पानं करडी-गुलाबी, गोलाकार मांडणीची, वर राखेसारखा थर. ही राख म्हणजे धूळ नव्हे. ती उन्हापासून पानाचं रक्षण करते आणि बोट लागलं की ठसा तसाच राहतो. (घरातल्या एका स्वच्छताप्रेमी माणसाला ओल्या फडक्यासह वेळीच थांबवलं.) वाटत होतं एचेव्हेरिया, पण नुसत्या धक्क्याने पानं गळत होती. त्यावरून ते एचेव्हेरियाचंच भाऊबंद, ग्राप्टोपेटालम असावं असं ठरलं. फूल आल्यावर शंका उरणार नाही: याचं उघडं, चांदणीच्या आकाराचं, तर एचेव्हेरियाचं मिटल्या घंटेसारखं. याच्या शास्त्रीय नावात चक्क ‘पॅराग्वेचं’ असा शिक्का आहे, मूळ गाव मात्र मेक्सिको. नाव ठेवणाऱ्यांचाच पत्ता चुकलेला. तिथे नर्सरीवाल्याला काय बोलायचं?

ही झाडं आणखी एका बाबतीत उलट्या चालीची. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, ही बहुतांशी रात्री उघडतात. कोरड्या मुलखात रात्री गारवा असतो, तेव्हा हवा आत घेतली की पाणी कमी उडतं. ठाण्यात मे महिन्याच्या रात्री गारवा कुठला! आणि जूनपासून चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस. म्हणून ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला मला कधीच पटत नाही. कुंडीने कॅलेंडर कशाला बघायचं? बोट खुपसा, आतपर्यंत कोरडं असेल तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला. जुलैत कित्येकदा घालायची वेळच येत नाही.

मग शस्त्रक्रिया. कोकोपीट झटकलं, काळी मुळं कात्रीने छाटली आणि जखम सुकायला झाड वर्तमानपत्रावर उघडंच ठेवलं. सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी फरश्या फोडायचं काम चालूच असतं, त्यामुळे विटांचे तुकडे फुकट मिळाले. ते कुटून, पिठूळ भुगा चाळून टाकला. त्यात जाडी वाळू आणि थोडीशी माती. मातीची भोकाची कुंडी. खत नाही. आजाऱ्याला पक्वान्न वाढू नये.

सासूबाई जुन्नरच्या. त्यांना हे सगळं कौतुक म्हणजे शहरी थेर वाटतात. ‘आमच्याकडे शेराचं कुंपण असायचं, कुणी विचारायचं नाही त्याला.’ (चिकाच्या हिरव्या कांड्यांचा हा शेरही सक्युलंटच.) मी त्यांना शिंदळ माकुडीबद्दल सांगितलं. त्यांच्याच शिवनेरीच्या परिसरातल्या कड्यांवरची ही मांसल वनस्पती, महाराष्ट्राबाहेर रानात कुठे नाही. तांबडी चांदणी फुलं. पावसात पानं धरते, उन्हाळ्यात टाकून देते आणि नुसत्या खोडावर तगते. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून. ‘आमची माकुडी आणि नाव साहेबाचं?’ एवढंच विचारून त्या मोबाइलवर फोटो मोठा करून बघत बसल्या. आता ती दुर्मीळ झाली आहे, कड्यावरून उपटून आणायची नाही हेही सांगून टाकलं. त्या तसं करणार नव्हत्या, पण त्यांचा भाचा करेल.

गळलेली पानं फेकली नाहीत. त्यातली धडधाकट तेवढी निवडून कोरड्या वाळूवर नुसती आडवी ठेवली, पुरली नाहीत. काहींच्या देठाशी दोऱ्याएवढी गुलाबी मुळं आणि कणाएवढी नवी पानं आली. शेजारच्या काकूंनी त्यातलं एक आधीच सांगून ठेवलंय. ‘आमचं तर केव्हाच गेलं,’ म्हणाल्या. त्यांना रोप मिळेल, पण कपात लावायचं नाही या अटीवर. आमचा कप सासूबाईंनी धुऊन तपकिरीच्या डबीशेजारी ठेवलाय. भोक नाही हा त्याचा गुणच आहे म्हणतात, चहा सांडत नाही.