२६व्या रस्त्यावरचे नऊ जण

२०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षे कामानिमित्त मी यांगूनमध्ये राहिलो. तेथील २६व्या रस्त्यावर, रंगाच्या डब्यांनी खचाखच भरलेल्या दुकानांच्या मध्ये, मुस्मिया येशुआ हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभे आहे. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, सिनेगॉगला आजही मशीदच म्हणतो. फोनवर आईला मी "मशिदीत जाऊन आलो" असे सांगत असे, तेव्हा खोलीतला सहकारी गोंधळून माझ्याकडे पाही.

आधीच्या लाकडी सिनेगॉगच्या जागी १८९०च्या दशकात बांधलेल्या या वास्तूत एके काळी तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, १२६ गुंडाळ्या होत्या. आता दोन उरल्या आहेत. महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशात सुमारे २,५०० यहुदी होते, त्यांत बहुसंख्य बगदादी व्यापारी. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर, म्हणजे आजच्या यांगूनवर, जपानी बॉम्ब पडू लागले आणि यातले बहुतेक जण जमेल त्या वाटेने हिंदुस्थानात निघाले. युद्धानंतर परतलेल्यांतलेही बहुतेक १९६२ च्या लष्करी उठावानंतर, व्यापार सरकारजमा होऊ लागल्यावर, देश सोडून गेले. मी होतो तेव्हा जेमतेम वीस माणसे उरली होती.

आपल्या माणसांचीही तिथे एक जुनी गोष्ट आहे. रंगूनमधल्या बेने इस्राएलांना याच सिनेगॉगच्या कारभारात बरोबरीचा हक्क नाकारला गेला, तेव्हा ते १९३०च्या दशकात रंगूनच्या उच्च न्यायालयात गेले आणि त्यांनी खटला जिंकला. ज्या दारात आमच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली, त्याच दारात माझी दर शुक्रवारी आतुरतेने वाट पाहिली जात असे, याचे मला थोडे हसू येई.

खाण्याचे हाल मात्र हसण्यासारखे नव्हते. तेथील घराघरांतला नाश्ता म्हणजे मोहिंगा, आणि त्याचा रस्सा बहुधा बिनखवल्याच्या माशाचा, म्हणजे आम्हाला वर्ज्य. भाजीतसुद्धा ङापी, अर्थात आंबवलेल्या मासळीची किंवा कोळंबीची चटणी, मिसळलेली असे. विधीप्रमाणे कापलेले मांस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी खवल्यांचा मासा बाजारातून स्वतः पारखून आणी आणि नारळाच्या दुधात शिजवी, जसा आई अलिबागच्या पद्धतीने करते. किद्दुशसाठी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या आरंभी मनुकांच्या सरबतावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, ठाण्याहून आणलेल्या काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या, हा माझा शुक्रवारचा नेम होता.

खरी अडचण माणसांची होती. सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. पर्यटक आणि परदेशी नोकरदार धरून कधी ते जमत, कधी नाही. माणसे आकड्यांनी मोजू नयेत, म्हणून स्तोत्रातल्या दहा शब्दांच्या एका ओळीतला एकेक शब्द एकेकाच्या वाट्याला देतात. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या शुक्रवारी एका वृद्धाने अशीच ओळ म्हणायला घेतली. माझ्यावर बोट आले तेव्हा तो 'आद', म्हणजे 'पर्यंत', या नवव्या शब्दावर होता. दहावा शब्द घेणारे कोणी नव्हते. आम्ही अर्धा तास रस्त्याकडे पाहत थांबलो. दुकानदार शटर ओढत होते.

नऊ जणांत कद्दिश, म्हणजे दिवंगतांसाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. मनुकांचे सरबत सर्वांना घोट घोट मिळाले आणि आम्ही निघालो. ठाण्यात चुलतभावाने माझ्या वतीने कद्दिश म्हटला होता. तिथे, आईने नंतर सांगितले, बसायला बाक कमी पडले होते.