अण्णा, येन आणि आगगाडीची तिकिटं

जपानला कुणी निघालंय असं कळलं की मी आधी विचारतो, रोख येन किती घेतलेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, "कार्ड आहे की!" आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावरचे भाजीवालेसुद्धा यूपीआयचा कोड टांगून बसतात. मग जपानसारख्या देशात खिशात नोटांची चळत कशाला, असं वाटणारच. पण तिथल्या रेल्वेची रीत वेगळी आहे. घरातलं वयस्कर माणूस बरोबर असेल तर ती आधीच नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझ्याबरोबर अण्णा, म्हणजे माझे वडील होते. त्यांनी एसटीच्या सातारा डेपोत कंडक्टर म्हणून उभी हयात काढली. तिकिटांची पेटी, हातातला पंच आणि खांद्याला सुट्ट्या पैशांची चामडी पिशवी, हेच त्यांचं आयुष्य. धाकटी बहीण नोकरीनिमित्त टोकियोत असते. तिच्याकडे जायचं आणि जाता-येता क्योटो बघायचं, असा बेत होता. आम्हा सातारकरांचा रेल्वेशी संबंध तसा बेताचाच. स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. मुंबई-पुण्याला जायचं म्हटलं की पावलं आपोआप एसटी स्टँडकडे वळतात. त्यामुळे बुलेट ट्रेन किती वेगात धावते यापेक्षा तिचं तिकीट कसं फाडतात, याची अण्णांना जास्त उत्सुकता होती.

तयारी घरूनच सुरू होते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंदच असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आपण चालू करायचं, आणि दुकानातला वापर, ऑनलाइन वापर, एटीएम आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात, ती सगळी पाहून घ्यायची. दुसरं म्हणजे ओटीपी. तो आपल्या इथल्या नंबरवर येतो, म्हणून परदेशात इंटरनेटसाठी वेगळं सिम घेतलं तरी जुनं सिम रोमिंगसह फोनमध्ये जागं ठेवावं. तिसरं, खर्च. परदेशात कार्ड वापरलं की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. यंत्राने "रुपयांत की येनमध्ये?" असं विचारलं तर डोळे झाकून येन निवडायचं. रुपये निवडले की दर ते लोक ठरवतात आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

रोख येन मी पुण्यातून घेतले. एका प्रवासासाठी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा घेता येतात, आपल्याला तेवढ्या लागतच नाहीत. शंभर येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये, हा हिशोब डोक्यात ठेवला की पुढचं सोपं जातं.

आम्ही ओसाकाच्या कानसाई विमानतळावर उतरलो. तिथे रेल्वेच्या यंत्रातून दोन इकोका कार्डं घेतली. २,००० येनला एक. त्यातले ५०० अनामत आणि १,५०० वापरायला. टोकियोकडे याच जातीचं कार्ड सुइका नावाने मिळतं, आणि २०१३ पासून ही मुख्य दहा कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालतात. फाटकावर टेकवलं की आत, उतरल्यावर टेकवलं की बाहेर, भाडं आपोआप वजा. फक्त त्यात पैसे भरायला स्टेशनवरच्या बहुतेक यंत्रांना रोख नोटच लागते. माझ्यापुढे उभा असलेला एक उंच गोरा तरुण त्या यंत्राला तीन वेगवेगळी कार्डं दाखवत होता. शेवटी तो एटीएम शोधायला निघून गेला.

आपलं बँकेचं टॅपवालं कार्ड तिथल्या जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या फाटकावर का चालत नाही, हे अण्णांनी मला विचारलं होतं. त्या फाटकांत सोनी कंपनीचं फेलिका तंत्र आहे. आपल्या बँकांच्या कार्डांतली चिप वेगळ्या पद्धतीची. ओसाकाच्या बाजूला नानकाईसारख्या काही खासगी रेल्वे आता व्हिसाचं कार्ड टेकवून आत सोडतात. पण कुठल्या फाटकाला कुठलं कार्ड चालतं, हे बॅगा ओढत शोधत बसण्यापेक्षा इकोका बरं. प्रत्येकाला आपलं स्वतंत्र कार्ड लागतं, हेही लक्षात ठेवा. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत.

क्योटोला दुसऱ्या दिवशी अण्णांनी हट्टाने कागदाचं तिकीट काढायला लावलं. "टेकवायचं काय, ते कुणीबी टेकवील. तिकीट कसं निघतंय ते बघू दे." यंत्राच्या वर भिंतभर नकाशा होता. प्रत्येक स्टेशनाच्या नावाखाली तिथवरचं भाडं लिहिलेलं. अण्णा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर आपला टप्प्यांचा तक्ताच की." एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून भाडं ठरतं, तो तक्ता त्यांना झोपेतही पाठ असायचा. आम्ही नारा मार्गावरच्या इनारी स्टेशनचं तिकीट काढलं. लाल कमानींच्या रांगा असलेलं फुशिमी इनारी देऊळ तिथेच आहे. पण गाडीत बसल्यावर बाहेर पावसाची झड लागली, आणि त्यापेक्षा पुढे उजीला जाऊन आधी तिथलं देऊळ पाहावं असं ठरलं.

आता तिकीट इनारीचं आणि उतरणार उजीला. अण्णा अस्वस्थ झाले. पुढच्या टप्प्याला विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाचं काय होतं, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलेलं. तपासणी पथक चढलं की प्रवाशाला दंड आणि कंडक्टरलाही जाब. उजीला उतरलो तर फाटकाच्या अलीकडेच एक वेगळं यंत्र उभं होतं, वाढीव भाडं भरायचं. त्यात इनारीचं तिकीट सरकवलं. पडद्यावर फरकाची रक्कम आली, शंभर येनच्याही आत. नाणं टाकलं, नवीन चिठ्ठी बाहेर आली, ती फाटकात घातली, मी बाहेर. दंड नाही, कुणी हटकलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही.

अण्णा बाहेर न येता त्या यंत्राजवळ परत जाऊन उभे राहिले होते. एक शाळकरी पोरगा आला, तिकीट घातलं, पैसे भरले, निघून गेला. मग एक आजी. "आरं, माणूस पुढं गेला म्हणजे तो चोरच, असं हितं कुणी धरतच न्हाई," अण्णा म्हणाले. त्या संध्याकाळी ते बराच वेळ ह्याच विषयावर बोलत होते. जपानी वाचता येत नसेल तर हाच उपाय तुम्हालाही सांगतो. भाडं कळत नसलं तर सगळ्यात कमी किमतीचं तिकीट काढा आणि उतरताना फरक भरा. ही तिथे सरळ रूढ गोष्ट आहे, त्यात लबाडी कुणाला वाटत नाही.

क्योटो ते टोकियो शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट हे या प्रवासातलं मोठं काम. बरेच जण जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांतून हवं तितकं फिरायचा पास, घ्या असं सुचवतात. हा सल्ला जुना झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. क्योटो-टोकियो नोझोमी गाडीचं राखीव तिकीट १४,१७० येन होतं, म्हणजे जाऊन-येऊनही २८,३४०. फक्त एवढ्याच प्रवासासाठी पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे.

परतीचं तिकीट मी घरूनच रेल्वेच्या ॲपवर काढलं होतं. नेहमीचं आरक्षण महिनाभर आधी तिथल्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. ओटीपी वेळेत आला, काम झालं. जायचा दिवस मात्र अण्णांच्या गुडघ्यांवर अवलंबून होता, म्हणून ते तिकीट क्योटोतच काढायचं ठरवलं. स्टेशनवरच्या यंत्राने कार्ड घेतलं, चार आकडी पिन विचारला, थोडा विचार केला आणि व्यवहार नाकारला. पुन्हा तेच. फोनवर बँकेचा ना मेसेज ना कारण. सगळी बटणं चालू, खात्यात पैसे, मार्कअप देण्याची तयारी, आणि तरीही नाही. त्या क्षणी मला जे जाणवलं ते आजही मनापासून वाटतं. कार्ड खिशात असलं तरी ते चालेल की नाही हे दूर कुठल्या तरी संगणकावर ठरतं, आणि त्याच्याशी भांडायला समोर कुणीही नसतं. परमुलखात बरोबर वयस्कर माणूस असताना सगळा भार त्यावर टाकू नये.

आम्ही तिकीट खिडकीच्या रांगेत लागलो. आत गणवेशातली एक तरुण मुलगी होती. मी कागदावर तारीख, वेळ आणि "टोकियो २" एवढं लिहून दिलं. तिने कॅल्क्युलेटरवर रक्कम उमटवून आमच्याकडे वळवली. पैसे हातात द्यायचे नसतात. खिडकीवर एक छोटी तबकडी असते, तिच्यात ठेवायचे. मी दहा हजारांच्या तीन नोटा ठेवल्या. तिने त्या आमच्यासमोर पंख्यासारख्या उघडून मोजल्या, मोड काढली, नोट आधी दाखवली आणि मग तिच्यावर नाणी ठेवून तबकडी पुढे सरकवली. अण्णा एकटक बघत होते. कंडक्टर माणूस, सुट्ट्यांचा व्यवहार त्यांच्याइतका कुणाला कळणार? "हिशोब चोख," एवढंच म्हणाले, पण त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी असते.

खिडकीचा आणखी एक फायदा झाला. ई अक्षराची सीट मागता आली. शिनकानसेनमध्ये डी आणि ई या जागा डोंगराच्या बाजूला असतात आणि टोकियोकडे जाताना फुजी पर्वत डाव्या हाताला ह्याच खिडकीतून दिसतो. ढग असतील तर इलाज नाही. आम्हाला शिखर दिसलं, पायथा ढगात होता.

मोडीत आलेल्या हजाराच्या नोटेवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटांपैकी ती. हे कितासातो शिबासाबुरो, वैद्यकशास्त्रज्ञ. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांत येर्सिन यांच्याबरोबर त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे तीन वर्षांत त्याच प्लेगने पुण्यात थैमान घातलं आणि रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्यांचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी ती नोट खर्च करू दिली नाही, वेगळी घडी घालून पाकिटात ठेवली.

शिनकानसेनची आम्हाला माणशी दोन तिकिटं मिळाली. एक अंतराचं भाडं आणि दुसरं जलद गाडीचा अधिभार. फाटकात दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायची. पलीकडे ती बाहेर येतात, बारीक भोक पाडलेली. ती उचलायला विसरायचं नाही, कारण उतरताना पुन्हा लागतात. भोक पाहून अण्णांनी तिकीट उजेडाकडे धरलं आणि अंगठ्याने पंच दाबल्यासारखं केलं. गाडीत राखीव डब्यात कुणी तिकीट तपासायला आलंच नाही. कुठली सीट विकली गेलीय हे कंडक्टरला हातातल्या यंत्रावर दिसतं. तो डब्यात आला, चालत शेवटापर्यंत गेला, दारात वळून सगळ्या डब्याकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. अण्णांनी जागेवरूनच हात जोडले.

मोठी बॅग असेल तर तिकीट काढतानाच सांगा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर या मार्गावर सामानाच्या जागेसह सीट राखून ठेवावी लागते, तिचे जादा पैसे नाहीत. न राखता नेली तर १,००० येन.

रोख संपत आली तर सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं घेतात. तिकिटाच्या यंत्राने नाकारलेलं माझं तेच कार्ड तिथे मात्र चाललं. वयाची सवलत परदेशी पाहुण्याला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. अण्णा पंचाहत्तरीच्या पुढचे, २०२२ पासून एसटीत त्यांना तिकीटच नाही. तिथे सगळीकडे पूर्ण भाडं भरलं.

परत येताना इकोका परत करायचं असेल तर ते जेआर वेस्टच्या, म्हणजे ओसाका-क्योटोकडच्या रेल्वेच्या हद्दीतच करावं लागतं. टोकियोत ते चालतं, पण तिथे परत घेत नाहीत. शिल्लक रकमेतून २२० येन शुल्क कापतात. शिल्लक शून्य असेल तर कापायला काही उरत नाही आणि ५०० ची अनामत पूर्ण मिळते. हे कार्ड दुकानांतही चालतं, तेव्हा आम्ही शेवटच्या दिवशी विमानतळापर्यंतच्या भाड्याच्या जवळपास तेवढं ठेवून उरलेल्याचा चहा-बिस्किटं घेऊन फडशा पाडला. जे काही येन कमी पडत होते ते स्टेशनच्या खिडकीवर नाण्यांत भरले. कानसाईला बाहेर पडल्यावर फाटकाजवळच्या कार्यालयात दोन्ही कार्डं दिली. ५०० ची दोन नाणी तबकडीत आली. अण्णांनी ती उचलून एक माझ्या हातावर ठेवलं आणि सुरक्षा तपासणीची रांग कुठे आहे ते विचारलं.