तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्री ऐकायला कुठून सुरुवात करू?

टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये राहणारी आणि गाडीत कायम कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, लावून ठेवणारी मराठी बाई म्हटल्यावर मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला माझ्या वयाच्या लोकांकडून: "ते टोपी-बूटवाल्या गोऱ्यांचं गाणं, त्यात तुला काय सापडतं?" दुसरा मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, आणि तो विचारणारी हल्ली बहुतेक तरुण मुलं असतात: "मावशी, ऐकायचंच म्हटलं तर कोणता अल्बम घेऊ?"

दोघांनाही मी एकच सांगते. एक अल्बम घेऊ नका, एक वर्ष घ्या. 2024 घ्या. त्या वर्षात बिलबोर्डच्या कंट्री अल्बमांच्या यादीत जे पहिल्या क्रमांकावर आले, त्यांतले पाच अल्बम ओळीने ऐका. हे संगीत कोणाचं, यावर इतकी वर्षं जे भांडण चाललंय ते सगळं त्या एका वर्षात ऐकू येतं.

बिलबोर्ड हे अमेरिकेतल्या संगीत व्यवसायाचं साप्ताहिक. कंट्री अल्बमांची वेगळी यादी त्यांनी 1964 च्या जानेवारीत सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात वर होता जॉनी कॅश. तेव्हापासून दर आठवड्याला कोणी ना कोणी त्या जागेवर बसतं. ती जागा सगळ्यांत चांगल्या गाण्याला मिळते असा माझा समज नाही. त्या आठवड्यात कोणाला आणि कसं मोजलं, हे तिथे दिसतं. माझ्यासाठी तीच रंगतदार गोष्ट आहे.

2024 उजाडलं तेव्हा वर होता मॉर्गन वॉलनचा 'वन थिंग अ‍ॅट अ टाइम'. हा अल्बम 2023 च्या मार्चमध्ये आलेला, म्हणजे दहा महिने जुना, तरी हलायला तयार नाही. नुसत्या कंट्रीच्या नव्हे, सगळ्या प्रकारच्या अल्बमांच्या मुख्य यादीतही तो एकूण 19 आठवडे पहिला राहिला. त्याआधी कंट्री अल्बमाचा तिथला विक्रम होता 18 आठवड्यांचा, गार्थ ब्रूक्सच्या 1991 च्या 'रोपिन द विंड'चा. ही बातमी आली तेव्हा आमच्याकडच्या रेडिओवर जोरात चर्चा झाली, पण एका गोष्टीबद्दल मी कोणाला बोलताना ऐकलं नाही. हे 18 आणि 19 एका मापाचे नाहीत.

1991 च्या मे महिन्यापर्यंत ही यादी कशी व्हायची, तर दुकानांना फोन जायचे आणि काउंटरवरची माणसं सांगायची की या आठवड्यात अमुक जास्त खपलं. त्यात अंदाज आला, आवडनिवड आली. मग साउंडस्कॅन आलं. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्री मोजली गेली, विकणाऱ्याचं मत कोणी विचारेना. आणि एकदम लक्षात आलं की ज्या कंट्रीला शहरी दुकानदार फारसं धरत नव्हते ते देशभर ढिगाने खपतंय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'रोपिन द विंड' मुख्य यादीत आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. असं करणारा तो पहिला कंट्री अल्बम. गाणारे होते तेच होते, ऐकणारेही होतेच, फक्त आता ते मोजले जात होते.

वॉलनच्या वेळेपर्यंत माप पुन्हा बदललं होतं. आता स्ट्रीमिंग. 2024 च्या हिशोबात, पैसे भरून घेतलेल्या सेवेवर अल्बमातली गाणी मिळून 1250 वेळा वाजली की एक अल्बम विकला गेला असं धरायचे. फुकट, जाहिरातीसकट ऐकलं तर 3750 वेळा. आता जरा आकडेमोड करा. 'रोपिन द विंड'मध्ये दहा गाणी होती. 2024 च्या हिशोबाने तो कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत राहिलं असतं तर एका विक्रीइतकं भरायला अल्बम 125 वेळा फिरवावा लागला असता. वॉलनच्या अल्बमात 36 गाणी आहेत, तिथे पस्तीस वेळांत काम झालं असतं. म्हणून हल्ली अल्बम इतके लांबलचक असतात. वॉलन लोकप्रिय नाही असं मी म्हणत नाही, प्रचंड आहे. त्याच्या आवाजातली ती खरखर मलाही धरून ठेवते. पण छत्तीसपैकी बारा गाणी निवडली असती तर तो अल्बम दुप्पट चांगला झाला असता, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

वॉलनची आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. 2021 च्या फेब्रुवारीत त्याने वंशद्वेषी अपशब्द वापरल्याचा व्हिडिओ बाहेर आला. रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी काढून टाकली, कंपनीने करार स्थगित केला, त्याने माफी मागितली. त्याचा तेव्हाचा अल्बम 'डेंजरस' मात्र मुख्य यादीत सलग दहा आठवडे पहिलाच राहिला. तो वाद चालू असतानासुद्धा. रेडिओचा दरवाजा बंद झाला तरी ऐकणारा घरबसल्या आत येऊ शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आणि मग 29 मार्च 2024 ला पॉप गायिका बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' आला.

मी ह्यूस्टनची, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करत नाही. बियॉन्से इथलीच, इथेच जन्मली आणि वाढली. कंट्री अल्बमांच्या यादीत तो थेट पहिला आला आणि तिथे पोचलेली ती पहिली काळी स्त्री ठरली. यादी सुरू होऊन साठ वर्षं झाली होती. चार आठवडे ती वर राहिली. त्याआधी फेब्रुवारीत तिचं 'टेक्सास होल्ड एम' आलं तेव्हा ओक्लाहोमातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने श्रोत्याला कळवलं होतं की आम्ही कंट्री केंद्र आहोत, बियॉन्से लावत नाही. आरडाओरडा झाला, मग लावलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला जो बॅन्जो वाजतो तो नीट ऐका. तो रियानन गिडेन्स या काळ्या वादक-गायिकेने वाजवलाय. बॅन्जो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आला, हे ती कित्येक वर्षं लोकांना वाजवून दाखवत आली आहे. कंट्रीचं ओळखचिन्ह मानलं जाणारं वाद्यच मुळात काळ्या लोकांचं.

पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनी इथे थांबावं. कार्टर कुटुंब म्हणजे कंट्रीच्या सुरुवातीच्या काळातलं नावाजलेलं गाणारं घराणं; त्यांच्यासाठी डोंगराळ गावांतून गाणी गोळा करत हिंडणाऱ्या ए. पी. कार्टरच्या सोबतीला लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला होता. कंट्रीचं दैवत मानल्या जाणाऱ्या हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवला तो रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या माणसाने. 1966 मध्ये चार्ली प्राइड या काळ्या गायकाची पहिली गाणी रेडिओ केंद्रांकडे गेली ती त्याच्या फोटोशिवाय, कारण आधी आवाज ऐकू द्या, रंग मागाहून कळू दे, असा कंपनीचा विचार. पुढे 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षाचा सर्वोत्तम कलाकार म्हणून त्यालाच निवडलं, आणि त्या काळात त्याचे अल्बमही या यादीत पहिले येत होते.

मी हे पुस्तकातून शिकले असते तर एवढं भिडलं नसतं. इथे दरवर्षी रोडिओच्या, म्हणजे गुराख्यांच्या खेळांच्या मोठ्या जत्रेच्या, आधी आसपासच्या गावांतून लोक घोड्यांवरून, छकड्यांतून कित्येक मैल येतात आणि मेमोरियल पार्कात मुक्काम टाकतात. त्यांत प्रेअरी व्ह्यूचा ताफा असतो, काळ्या घोडेस्वारांचा, 1957 पासून चालत आलेला. डांबरी रस्त्यावर टापांचा आवाज, मागे पोलिसांची गाडी, आणि घोड्यावर सत्तरीच्या पुढचे आजोबा, इस्त्रीची कडक जीन्स, चकचकीत बक्कल, लगाम एका हातात सैल धरलेला. शेजारी नात, तिच्या घोड्याच्या आयाळीत गुलाबी रिबिनी. जुन्या काळच्या गुराख्यांमध्ये चारांत एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. या आजोबांना कोणी सांगून बघावं की काउबॉय म्हणजे गोरा.

'काउबॉय कार्टर'मध्ये मधेच एक वृद्ध स्त्रीचा आवाज येतो. संगीताच्या प्रकारांबद्दल ती थोडंसं बोलते. ती लिंडा मार्टेल. साउथ कॅरोलायनाची. 1969 मध्ये नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या, ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर गाणारी पहिली काळी स्त्री. कंट्रीत ऑप्रीवर उभं राहणं म्हणजे पुण्यात सवाईच्या मंचावर बसण्याइतकं मानाचं. 1970 मध्ये तिचा 'कलर मी कंट्री' आला, प्लँटेशन रेकॉर्ड्सकडून. मळ्यांवरच्या गुलामीची आठवण देणाऱ्या नावाच्या कंपनीत त्या बाईने आपला एकुलता एक अल्बम केला. कंट्री अल्बमांच्या यादीत तो चाळिसाव्या क्रमांकापर्यंत चढला. कार्यक्रमांत प्रेक्षकांतून शिव्या यायच्या, तरी ती गात राहायची. मग काम मिळेनासं झालं आणि ती या धंद्यातून बाहेर पडली. चोपन्न वर्षांनी तिचा आवाज त्याच यादीच्या पहिल्या क्रमांकावरच्या अल्बमात आला. वयाच्या 83 व्या वर्षी तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. या वर्षातली मला सगळ्यांत प्रिय गोष्ट ही आहे, आणि क्रमांकांच्या यादीत ती कुठेही लिहिलेली नाही.

सप्टेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनची नामांकनं आली. 'काउबॉय कार्टर'ला एकही नाही. बाहेरून आली म्हणून, असं काहीजण म्हणाले. ते मला पटत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात पोस्ट मलोनही बाहेरूनच आला होता. तो मूळचा रॅप आणि पॉपमधला, टेक्सासमध्ये डॅलसजवळ वाढलेला. त्याचा 'एफ-वन ट्रिलियन' ऑगस्टमध्ये पहिला आला, अर्धं नॅशव्हिल त्यात पाहुणं म्हणून गायलंय, आणि त्याला चार नामांकनं मिळाली. अल्बम मजेदार आहे, डॉली पार्टनबरोबरचं गाणं तर झकास. पण दोघं टेक्सासचे, दोघं दुसऱ्या संगीतातून आलेले. एकाला मिठी, दुसरीला काही नाही, हे मला टोचलं आणि अजून टोचतं. 2015 मध्ये रेडिओच्या एका सल्लागाराने केंद्रांना सांगितलं होतं की गायिकांची गाणी लागोपाठ लावू नका, पुरुष गायक म्हणजे सॅलडमधली पानं आणि बायका म्हणजे टोमॅटो. ज्या दुनियेत हे उघडपणे बोललं जातं तिथे काळ्या बाईची वाट किती अवघड असेल बघा. 2025 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने 'काउबॉय कार्टर'ला सर्वोत्तम कंट्री अल्बम आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम असे दोन्ही मान दिले. कंट्री अल्बमाचा ग्रॅमी एखाद्या काळ्या कलाकाराला तोवर मिळालाच नव्हता.

उरलेल्या वर्षात जुलैत झॅक ब्रायनचा 'द ग्रेट अमेरिकन बार सीन' वर आला. नौदलात नोकरी करता करता गाणी लिहिणारा हा माणूस, आवाज ओबडधोबड, शब्द मात्र नेमके. रात्री एकट्याने ऐकायचा. ऑक्टोबरमध्ये जेली रोल, नॅशव्हिलचाच, तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो सिनेटच्या समितीपुढे फेंटानिल या जीवघेण्या अमली पदार्थाच्या विळख्याबद्दल साक्ष द्यायला गेला होता. त्याची गाणी मला थोडी एकसुरी वाटतात, पण माणूस खरा आहे.

इथल्या आपल्या मुलांना मी आवर्जून सांगते तो शबूझी. आईवडील नायजेरियाहून आलेले, स्वतः व्हर्जिनियात वाढलेला. आडनाव चिबुएझे. शाळेतल्या फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ते नीट जमेना, त्यातून शबूझी झालं आणि त्याने तेच नाव घेतलं. ज्यांच्या नावाची शाळेत रोज मोडतोड होते त्या मराठी मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. 'काउबॉय कार्टर'मध्ये तो दोनदा गातो. कंट्री अल्बमांच्या यादीत त्याचा स्वतःचा अल्बम पहिला आला नाही, पण 'अ बार साँग' हे गाणं सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत 19 आठवडे पहिलं राहिलं. आमच्याकडच्या लग्नांत डीजे आता ते लावतो आणि काका-काकूंसकट सगळे नाचतात.

तर क्रम असा धरा. आधी 'काउबॉय कार्टर', पण शफल बंद करून. मधे मधे कंट्रीचा बुजुर्ग गायक विली नेल्सन रेडिओ निवेदक होऊन बोलतो, त्याच्या हातात सगळी मांडणी आहे, ती तोडू नका. मग लगेच लिंडा मार्टेलचा 'कलर मी कंट्री'. यादीत पहिला नसला तरी मी तो यात घुसवलाय आणि त्यातलं 'कलर हिम फादर' दोनदा ऐकायला सांगणार आहे. मग झॅक ब्रायन, पोस्ट मलोन, जेली रोल. वॉलन शेवटी ठेवा, आणि छत्तीसच्या छत्तीस ऐकायची जबरदस्ती करून घेऊ नका. आवडतील ती दहा-बारा वेगळी काढा. पुढच्या कार्यक्रमात भेटाल तेव्हा मला तुमची निवड सांगा, माझी मी तयार ठेवलीय.