समोरची खिडकी

"काल रात्री उशिरापर्यंत तुमचा दिवा चालू होता. बरं आहे ना सगळं?"

सकाळी कपडे वाळत घालताना समोरच्या खिडकीतून आजींनी विचारलं. मध्ये जेमतेम दहा फुटांची गल्ली. आठ वर्षं समोरासमोर राहतोय आणि मला त्यांचं नावही माहीत नाही.

झोपच येत नव्हती. खिडकी उघडली की गाड्यांचा आवाज, बंद केली की उकाडा. दिवसभर तापलेल्या भिंती आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहतात, आणि इतक्या दाटीत ती वर निसटायला मोकळं आकाशही कमी. शहरातली रात्र आसपासच्या गावांपेक्षा गरम असते, हे हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनमध्ये १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं.

पहाटे चारला मी ठरवूनच टाकलं होतं, इथून जायचं. झाडं असतील, शांतता असेल अशा ठिकाणी.

आणि सकाळी हा प्रश्न.

मी "हो, बरं आहे" म्हणून आत आले. मग लक्षात आलं, माझा दिवा दिसला म्हणजे त्याही जाग्याच होत्या. अंधारात, एकट्या. त्यांना का झोप नव्हती, हे मी विचारलंच नाही. दिवसभर तेच टोचतंय.

उद्या आधी त्यांचं नाव विचारणार आहे.

तुमच्या समोरच्या खिडकीत कोण राहतं, माहीत आहे तुम्हाला?