पक्षी बघायला पहाटे किती वाजता निघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला हटकून येतो, आणि किनाऱ्यावर जायचं असेल तर मी आधी तिथी बघतो म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा आता मुहूर्त काढणार.

रानातल्या पाखरांसाठी पहाट गाठावी लागते. किनाऱ्यावरचे पक्षी भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला ते पार पाण्याच्या कडेला पांगून किडे, शिंपल्या टिपत असतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. भरती चढू लागली की पाणीच त्यांना हाकत तुमच्याकडे आणतं. म्हणून भरतीच्या आधीचे दोनेक तास महत्त्वाचे. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा.

अलिबागजवळच्या आक्षीला मी फाल्गुनात जातो तो एकादशी-द्वादशीच्या सुमारास. भरती आठ-नऊला, म्हणजे उजाडल्यावर आरामात पोचावं. सूर्य मागच्या सुरूंच्या बनातून वर येतो, सगळा उजेड पक्ष्यांवर. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास. तोवर वाळू तापून झळा उठतात आणि दुर्बिणीतलं सगळं थरथरतं. शिवाय उधाणाचं पाणी वाळूच शिल्लक ठेवत नाही. (एकादशीचा आणखी एक फायदा: डब्यात साबुदाण्याची खिचडी.)

पोचलात की चालत सुटू नका. बसा. उभा माणूस दिसला की थवा उठतो, आणि या दिवसांत त्यांना ते परवडत नाही. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवणं चालू असतं. तासभर गप्प बसलं की सँडरलिंग आपणहून पुढ्यात येतात. लाट ओसरली की तिच्यामागे धावायचं, चोच खुपसायची, पुढची लाट आली की पळ. पाय नीट बघा: मागचं बोटच नाही. किनाऱ्यावरच्या त्यांच्या बहुतेक भाईबंदांना ते असतं. ही एवढीशी पाखरं घरटी करतात ती थेट आर्क्टिकमध्ये.

फाल्गुनच का, तर या दिवसांत सगळ्यांचे कपडे बदलत असतात. थंडीभर मातकट दिसणाऱ्या सँड प्लोव्हरच्या छातीवर तांबूस रंग चढतो, डोळ्यांवरून काळी पट्टी येते. तपकिरी डोक्याच्या कुरवांना (म्हणजे सीगलना) थंडीत कानामागे नुसता एक डाग असतो. आता अख्खं डोकं कॉफीच्या रंगाचं होऊ लागतं. मांडव्याच्या लाँचीमागे वेफर्ससाठी झेपावणाऱ्या थव्यात हेही असतात, आणि यांची वीण लडाखमध्ये त्सो मोरीरीसारख्या तलावांवर होते. डिसेंबरात गेलात तर पक्षी भरपूर दिसतील, पण सगळे एकाच राखाडी-मातकट गणवेशात. नवख्याचा तिथेच हिरमोड होतो.

चैत्र सरता सरता किनारा रिकामा होत जातो. पण सगळेच जात नाहीत. गेल्या हंगामात जन्मलेली काही पिल्लं पहिल्या वर्षी परतण्याच्या भानगडीत पडत नाहीत, पावसाळाही इथेच काढतात. तेव्हा मे महिन्यात एखादा मळकट प्लोव्हर एकटाच फिरताना दिसला, तर आजारी समजून खोक्यात घालून घरी आणू नका.