नखाएवढा हापूस

मे महिन्यात गावी निघताना लेकीने हॅमस्टरलाही बरोबर घेतलं. नाव लाडू. गुहागरच्या घरी पोचल्यावर आधी माजघरातला गार कोपरा पाहून पिंजरा ठेवला, कारण उकाडा त्याला सोसत नाही. सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "अगो, हा तर उंदीर!" म्हणाल्या. पण उंदीर असला तरी पाहुणा. त्यांनी अढीतला आंबा कापला आणि अख्खी फोड पिंजऱ्याशी नेली.

मी हात धरला. लाडूचं वजन सव्वाशे ग्रॅम. २५ ग्रॅमची फोड त्याने खाणं म्हणजे मी एका बैठकीत १२ किलो हापूस संपवणं. "तुझे आजेसासरे संपवायचे," सासूबाई म्हणाल्या. माझं गणित तिथेच गारद झालं.

शेवटी तह ठरला. साल काढलेला नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोजचं जेवण त्याचे दाणे आणि थोडी काकडी. सफरचंद चालतं, पण बिया काढून. त्या चावल्या की पोटात सायनाइड तयार होतं. संत्रं-लिंबू नको. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या आंबट फळाचं, नाव मीच काढलं नाही, उगाच सासूबाई डोळा मिचकावत एखादा पुढे करायच्या.

दोन दिवसांनी पिंजऱ्याला वास यायला लागला. भुसा उकरला तर खाली आंबा, काळा पडून बुरशी धरलेला. साहेबांनी तो खाल्लाच नव्हता. गालातल्या पिशवीत भरून (ती पार खांद्यापर्यंत जाते) बिळात नेऊन ठेवला होता. हॅमस्टर हे नावच साठा करणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी नातं सांगतं. सासूबाईंचा चेहरा एकदम पालटला. अंगणात त्यांची आंब्याची साठं वाळत होती, सुपात कोकमाची सोलं होती, आठळ्या मातीत पुरायच्या बाकी होत्या. "म्हणजे याचीपण बेगमी चालली आहे!"

त्याची चूक एवढीच की बेगमी चुकीच्या मुलखात केली. १९३० मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी पिल्लांसकट उकरून काढली. आज घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच कुळातले. तिथल्या कोरड्या जमिनीत धान्य टिकतं. आमच्या दमट हवेत मात्र आंबा तो काय टिकणार?

"मग साठाचा तुकडा देऊया. तो नासायचा नाही." सासूबाईंचा हा मुद्दा बिनतोड होता. पण वाळवलं की साखर दाटते, शिवाय चिकट साठ गालाच्या पिशवीत अडकून बसायची भीती. हे सांगताना मलाच वाईट वाटलं. साठ नाकारणं या घरात सोपं नाही.

त्या रात्री अकराला लाडू जागा झाला तेव्हा माजघरात बॅटरीचा उजेड दिसला. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, बोटावर आंब्याचा कण. "इथेच खा," त्या त्याला दटावत होत्या, "गालात भरलास तर उद्या नाही मिळायचा."